जळगावची केळी: चव जातीत, कापणीत की वखारीत?

तापीकाठ:
पुण्या-मुंबईकडची तक्रार ठरलेली असते. केळं दिसतं पिवळंधमक, खाल्लं तर पिठूळ, वासाचा पत्ता नाही. आपल्याकडची उत्तरंही ठरलेली: बसराई ही जुनी जात गेली तिथेच चव गेली, व्यापारी कच्चा माल कापतात, वखारीत गॅस मारतात. तिन्ही एका दमात सांगितली जातात आणि कशाचं वजन किती, हे कोणी सांगत नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ही चव आपल्या भागाची आहे असं आपण कागदावर लिहून बसलो आहोत. तर ज्याला जे नक्की ठाऊक आहे त्याने तेवढंच लिहावं. जात, इतिहास, कापणी, पिकवणं, रांधणं, सगळं चालेल. करपा रोगावर काय फवारू आणि आज रावेरला नवती केळीचा भाव काय, हे मात्र इथे नको. त्याचे धागे वेगळे आहेत.

कंद-मुनवा:
जातीपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त बोललं जातं ते त्यावरच.

बसराई आणि ग्रँड नैन, म्हणजे आपली जी-नाईन, या एकाच कॅव्हेंडिश घराण्यातल्या. दोघींमध्ये गुणसूत्रांचे तीन संच, आणि तिन्ही मुसा अक्युमिनाटा या रानकेळीकडून आलेले. शास्त्रात याला ‘एएए’ गट म्हणतात. फळात बी धरत नाही, त्यामुळे मुनव्यातून, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या पिलातून, किंवा हल्ली ऊतीसंवर्धनातून तेच झाड पुन्हा पुन्हा येतं. अधूनमधून एखाद्या कंदात आपोआप बदल होतो आणि उंची, फण्यांची ठेवण बदलते. माणूस तो कंद वेगळा काढून वाढवतो. बसराई बुटकी, जी-नाईन तिच्याहून उंच, वसईकडची हरिसाल आणखी उंच. श्रीमंती आणि नांदेडकडची अर्धापुरी याच घरातल्या.

चवीत फरक आहे, नाही म्हणत नाही. बसराईची साल पातळ, गर मऊ, गोडी जरा पुढे. पण सफेद वेलची आणि बसराई यांत जेवढं अंतर आहे, त्याच्या पासंगालाही हा फरक पुरत नाही. शेतकऱ्याने बसराई सोडली ती दुसऱ्या कारणांनी. मुनव्यावरची बसराई कापणीला यायला सोळा-अठरा महिने लागायचे. जी-नाईनचं ऊतीसंवर्धित रोप ठिबकावर आणि खत वेळेवर दिल्यास अकरा-बारा महिन्यांत मोकळं होतं, घड पंचवीस किलोच्या पुढे जातो. बसराईच्या फण्या दाटीने बसतात, आणि थंडीत घड पोंग्यातच, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतच, अडकतो. जी-नाईनच्या फण्यांत अंतर असतं, केळं लांब आणि कमी वाकडं, खोक्यात नीट बसतं.

दोन्ही जाती सारख्या भरल्यावर कापून एकाच खोलीत पिकवल्या आणि डोळे बांधून चाखायला दिल्या, तर बहुतेकांना ओळखता येणार नाहीत असं माझं मत.

सावदा-फाटा:
कंद-मुनवा दादा, शेवटचं वाक्य पटलं नाही. वास बसराईचाच चढा. पण एक गोष्ट तुमच्या बाजूचीच सांगतो. लोक ज्या बसराईची आठवण काढतात ती गावात खाल्लेली, पूर्ण भरलेली आणि घरी पिकवलेली. त्याच काळात सावदा, निंभोरा, रावेर स्टेशनांवरून रेल्वेच्या वाघिणी (मालडबे) भरभरून दिल्लीला जाणारी बसराई कच्चीच कापलेली असायची. दिल्लीकरांनी कधी तिच्या चवीची पोथी वाचली नाही.

जुनी-पाने:
इतिहास थोडक्यात, कारण यात दंतकथाच फार फिरतात.

केळ हे गवतासारखं वाढणारं झाड, लाकूड नसलेलं. माणसाने ती मुद्दाम लावल्याचा जुना पुरावा न्यू गिनीतल्या कुक दलदलीत सापडतो, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचा. भारतात दुसरी रानकेळ, मुसा बाल्बिसियाना, होती. तिचा आणि अक्युमिनाटाचा संकर होऊन आपल्या कितीतरी देशी जाती झाल्या. वेलची, राजेळी, मुठेळी या त्या संकरातल्या. त्यांच्यात पिष्ट जास्त, आंबटसर झाक जास्त, साल चिवट. म्हणून संस्कृतात जी कदली आणि रंभा भेटते ती आजच्या फणीतली कॅव्हेंडिश समजू नये.

रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलं की भारतातले ज्ञानी लोक हे फळ खाऊन राहतात. त्यावरूनच लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात एका केळीला ‘सेपिएंटम’, म्हणजे ज्ञान्यांची, असं नाव दिलं. दुसरीला ‘पॅराडिसियाका’, स्वर्गातली. अमेरिकेत केळ नव्हतीच. १५१६ साली तोमास दे बेर्लांगा या पाद्र्याने ती कॅनरी बेटांवरून कॅरिबियनमध्ये नेली.

कॅव्हेंडिशचं नाव इंग्लंडमधल्या डेव्हनशायरच्या सरदार घराण्याचं. त्यांच्या चॅट्सवर्थच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने १८३०च्या दशकात मॉरिशसहून आलेलं हे झाड फुलवलं. तिथून कंद मिशनऱ्यांबरोबर सामोआ बेटांवर गेले. तरी पुढची शंभर वर्षं जगाच्या बाजारात राज्य होतं ग्रो मिशेल या जातीचं. जाड साल, दांडगा वास, घडच्या घड बोटीत टाकले तरी डाग पडत नसे. मातीतल्या फ्युजेरियम बुरशीने, म्हणजे पनामा मर रोगाने, तिच्या बागा बसवल्या आणि १९५०-६०च्या दशकांत निर्यातदार नाइलाजाने कॅव्हेंडिशकडे वळले. म्हणजे जगभर आज जे केळं खाल्लं जातं ते चवीच्या स्पर्धेत पहिलं आलेलं नाही. बुरशीला टिकलं म्हणून आलं.

आणि आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. बिहार आणि उत्तर प्रदेशात तो आलेला आहे. बाहेरच्या भागातून कंद आणणं, माती लागलेली अवजारं आणणं आपल्या पट्ट्यात का टाळायचं, ते यावरून कळेल.

खानदेशात केळीचा व्यापार फोफावला तो विहीर बागायत आणि रेल्वे या जोडीवर. १८६०च्या दशकात भुसावळपर्यंत लोहमार्ग आला, नंतर त्याच मार्गावरची छोटी स्टेशनं केळीची झाली. फ्रूटसेल सोसायट्यांनी शेतकऱ्यांचा माल एकत्र करून वाघिणी भरल्या. अवांतर: एवढी केळी असूनही आपल्या जेवणात तिचं पान फळापेक्षा जास्त दिसतं. भरीत-पुरीची पंगत पानाशिवाय शोभत नाही, आणि कच्च्या केळीची भाजी मात्र अजून अनेक घरांत उपरी.

वखार-सोळा-अंश:
आता माझा विषय. जरा लांब लिहितो.

कच्च्या केळ्याच्या गरात वीस-पंचवीस टक्के पिष्ट असतं. पिकताना ते साखरेत उतरतं आणि पूर्ण पिकल्यावर एक-दोन टक्केच उरतं. सालीचा हिरवा रंग जाणं, गर मऊ होणं, पिष्टाची साखर होणं, तुरटपणा मरणं आणि वास येणं, ही पाच वेगवेगळी कामं आहेत. ती एकत्र चालावीत म्हणून तापमान सांभाळायचं. वखारीचं सगळं कसब एवढंच.

पद्धत अशी. फण्या सुटल्यावर पाण्यातून काढून चीक धुवायचा, नाहीतर सालीवर काळे ओघळ राहतात. क्रेट भिंतीला चिकटवायचे नाहीत. दोन थप्प्यांत हवा फिरेल एवढी फट हवी. गराचं तापमान १६ ते १८ अंशांवर स्थिर झालं की इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सोडायचा, दहा लाख भागांत शंभर, खोली चोवीस तास बंद. आर्द्रता ९० ते ९५ टक्के. मग दार उघडून कोंडलेली हवा बाहेर काढायची, कारण फळ श्वास घेतं आणि कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याच्या वर गेला तर पिकणं मंदावतं, गर आणि साल यांची चाल बिघडते. पुढचे तीन-चार दिवस तापमान हळूहळू १४-१५ पर्यंत उतरवायचं. रंग फुटला की आर्द्रता ८५ वर आणायची, नाहीतर फणीच्या मानेपासून केळी गळतात. माल खोलीबाहेर पडतो तेव्हा हिरव्यात पिवळं मिसळलेलं असतं. उरलेलं पिवळेपण वाटेत आणि दुकानात.

चुकतं कुठे?

तापमान १३च्या खाली गेलं की साल राखाडी, मळकट होते आणि मग कितीही गॅस द्या, चमक येत नाही. घरच्या फ्रिजमध्ये केळी काळी पडतात ती याच कारणाने. पूर्ण पिवळी झाल्यावर ठेवली तर फक्त साल काळी होते, आतला गर चांगला असतो. कच्ची ठेवली तर पिकायचीच राहतात.

उलट २४-२५च्या वर गेलं की साल हिरवी राहते आणि गर मऊ पडतो. मे महिन्यात बिना-एसीच्या खोलीतला माल गिऱ्हाईक ‘कच्चा’ म्हणून परत करतो, तो प्रत्यक्षात आतून पिकून गेलेला असतो. खोलीचा काटा १८ दाखवतो आणि तरी असं होतं, याचं कारण पिकायला लागलेलं केळं स्वतःच उष्णता सोडतं. म्हणून तापमान हवेचं बघू नका, मधल्या थप्पीतल्या केळ्यात सुई खुपसून गराचं बघा.

कार्बाइडवर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यातून ॲसिटिलीन निघतो, सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश येतात. साल लवकर पिवळी होते, गर मागे राहतो. इथिलीन मात्र केळं स्वतःच तयार करतं, आणि अन्नसुरक्षेच्या नियमांत तो शंभर भागांपर्यंत वापरायला परवानगी आहे. ‘गॅस मारला’ म्हणून दोन्ही एका पारड्यात टाकणाऱ्यांनी हे वाचावं. जुन्या वखारीत घड रचून कोपऱ्यात गोवऱ्यांचा धूर कोंडायचे, उन्हाळ्यात अठरा ते चोवीस तास, थंडीत अठ्ठेचाळीस. त्या धुरातही इथिलीनच असायचा.

भरितवांगं:
वखारवाले भाऊ, मग पिवळं दिसूनही पिठूळ लागतं ते का? तुमच्या हिशेबात सगळं बरोबर आहे ना?

वखार-सोळा-अंश:
दोन कारणं. एक गिऱ्हाईकाचं. साल पूर्ण पिवळी होते तेव्हाही थोडं पिष्ट शिल्लक असतं आणि वास नुकता सुरू झालेला असतो. केळ्याचा जो ओळखीचा वास, तो आयसोअमाइल ॲसिटेट आणि त्याच्या जातीच्या द्रव्यांचा. त्यांच्या खाली लवंगेकडे झुकणारी एक झाक असते. ही रंगाच्या मागून येतात. सालीवर तपकिरी ठिपके दिसायला लागले की गोडी आणि वास दोन्ही भरात. पण ठिपक्यांचं केळं ‘सडकं’ म्हणून कोणी घेत नाही, म्हणून दुकानदार ठिपके पडायच्या आत माल काढतो. पिवळ्याधमक फणीला घरी दोन दिवस द्या.

दुसरं कारण कापणीचं. ते बागायतदारांनी लिहावं.

रावेर-मृगबाग:
लिहितो. केळं जेवढं भरलेलं कापलं तेवढीच साखर होणार. पिकताना नवीन काही येत नाही, साठवलेलंच उतरतं. कोवळ्या केळ्याला तीन-चार ठळक धारा असतात. भरत गेलं की धारा बुजतात, अंग गोल होतं. लांबच्या बाजाराला ७५ ते ८० टक्के भरलेला माल, जवळच्या बाजाराला ९०. भाव चढले की घाई होते आणि त्याहून कोवळा घडही कापला जातो. असा माल खोलीत पिवळा होतो खरा, पण बारीक, गर चोपडा आणि चव फिकी. तुमच्या तक्रारीतली निम्मी केळी ही.

निसवणीपासून, म्हणजे घड बाहेर पडल्यापासून, कापणीपर्यंत उन्हाळ्यात नव्वदेक दिवस, थंडीत एकशेवीस आणि वर. दिवस मोजून कापणारे थंडीत फसतात. मधल्या फणीच्या बाहेरच्या ओळीतलं केळं बघून ठरवायचं. वरची फणी आधी भरते, शेवटची मागे राहते. म्हणूनच शेवटची फणी सुटली की कमळ, म्हणजे केळफूल, मोडायचं आणि खालच्या अर्धवट फण्या काढून आठ-नऊच ठेवायच्या. लोभाने बारा ठेवल्या तर खालच्या चार कधीच भरत नाहीत आणि वरच्यांचंही वजन खातात.

थंडीचा चरका हा आपल्या भागाचा खास शत्रू. रात्रीचं तापमान दहाच्या आसपास येऊ लागलं की वाढ थांबते, सालीखालच्या नळ्या तपकिरी होतात. असं केळं पिकवलं की रंग मळकट, चव अर्धी. उपाय: बागेच्या कडेला शेवरी किंवा गजराज गवताचा आडोसा, रात्री पाणी, पहाटे बांधावर धूर, आणि घडावर सच्छिद्र प्लास्टिकची पिशवी. पिशवी बिनछिद्राची घातली तर आत पाणी साचून देठ सडतात, आणि मार्चनंतर ती काढायला विसरलात तर केळी भाजतात.

एक गैरसमज: झाडावर पिकलेलं केळं सगळ्यात गोड. कॅव्हेंडिश झाडावर सोडली तर साल तडकते, गर पिठाळतो. पूर्ण भरल्यावर, हिरवं असतानाच कापून सावलीत पिकवावं.

वेलची-वसई:
खानदेशच्या धाग्यावर एक वसईकर. राजेळीचं एवढंच सांगतो की तिची चव पिकण्यापुरती थांबत नाही. पिकलेली राजेळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवतात, त्याची सुकेळी. तुमची जी-नाईन तशी वाळवायला गेलात तर पाणी जास्त असल्याने काळी, चिकट होते. वाळवायचीच असेल तर चकत्या करून सोलर ड्रायरमध्ये, जातीला साजेसं.

चूल-यावल:
घरी पिकवण्याचं कोणी लिहिलं नाही, मी लिहिते. पूर्ण भरलेल्या दोन-तीन फण्या, पुठ्ठ्याचं खोकं, तळाशी गव्हाचा भुसा, मध्ये एक पिकलेलं केळं किंवा चिकू. वर कागद, झाकण सैल. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका. पाणी सुटतं, देठाला बुरशी येते. उन्हाळ्यात घरातल्या सगळ्यात गार खोलीत, खोक्यावर ओलं गोणपाट. थंडीत भुसा जास्त आणि वर गोधडी. उन्हाळ्यात तीन-चार दिवस, थंडीत आठवडा. रोज एकदा उघडून कोंडलेली हवा जाऊ द्यायची.

सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळ्याचा वास उतरायचा असेल तर ठिपके पडलेलंच केळं घ्या. सव्वा वाटी रवा सव्वा वाटी तुपात मंद आचेवर भाजायचा. रंग बदलायच्या आधी, पण खमंग वास सुटल्यावर, केळ्याच्या चकत्या त्याच तुपात परतायच्या. मग उकळतं दूध अडीच वाट्या, वाफ, शेवटी सव्वा वाटी साखर. दूध घातल्यावर केळं टाकलं तर ते शिजत नाही, उकडतं, आणि शिरा काळवंडतो.

कच्च्या केळीची भाजी आपल्या काळ्या मसाल्यात: चार कच्ची केळी, हाताला आणि सुरीला तेल, सोलून फोडी लगेच ताकाच्या पाण्यात. ताक नसेल तर चिंचेचं पाणी. चीक आणि काळपटपणा दोन्ही जातात. कांदा-खोबरं-लसूण भाजून वाटण, दोन चमचे काळा मसाला, मूठभर दाण्याचा कूट. तेल सुटलं की रस्सा उकळवायचा आणि मग फोडी. सात-आठ मिनिटं पुरतात. जास्त शिजवल्या तर रस्सा बुळबुळीत होतो आणि त्याला उपाय नाही.

केळफूल मात्र जी-नाईनचं घेऊ नका असं मी म्हणेन. तुरट फार. घेतलंच तर प्रत्येक फुलातली कडक दांडी आणि पारदर्शक पापुद्रा काढायचा, चिरून रात्रभर ताकात, सकाळी पिळून.

भरितवांगं:
ताई, वेफर्सचंही सांगा. आमच्याकडे तळल्यावर लालसर होतात आणि दुसऱ्या दिवशी मऊ.

चूल-यावल:
लाल होतात कारण केळं कापून दोन-तीन दिवस झालेले असतात आणि पिष्टाची साखर व्हायला लागलेली असते. घडावरून उतरवल्यावर चोवीस तासांत तळा. नखाने साल खरवडून बघा, चीक पांढरा आणि भराभर यायला हवा. चीक पाण्यासारखा पातळ दिसला तर त्या केळ्याची भाजी करा. किसणी थेट कढईवर धरून चकत्या तेलात सोडायच्या, पाण्यात नाही. तेल १७० ते १८० अंश, एका वेळी कढईत एका थरापेक्षा जास्त नको. चकत्या अर्ध्या कडक झाल्या की मिठाचं घट्ट पाणी, हवी तर चिमूटभर हळद घालून, कढईतल्या तेलात चमचाभर सोडायचं. तडतड फार उडते, मागे सरून उभं राहा. तडतड पूर्ण थांबेपर्यंत काढायच्या नाहीत. मऊ पडतात त्या इथेच. आणि गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका.